सांधेबदलाचा तालुकावार दर कसा काढायचा: नाशिक जिल्हा समोर ठेवून

नाशिक शहरात गुडघेबदलाचे जेवढे बोर्ड दिसतात, तेवढे सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर हे तीन तालुके पालथे घातले तरी दिसणार नाहीत. त्यावरून ‘शहरात ऑपरेशनं जास्त, डोंगरात कमी’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण शहरातल्या त्या ऑपरेशन टेबलांवर झोपणारे पेशंट कुठल्या गावचे, हे पाहिल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही. दवाखान्याच्या पत्त्यावरून मोजलं तर हाती दवाखान्यांचा नकाशा येतो. तालुक्याचा दर, म्हणजे तिथल्या लाख लोकांमागे किती जणांचा सांधा बदलला हा आकडा, हवा असेल तर पेशंटच्या घरच्या पत्त्यावरूनच मोजावं लागतं, आणि या कामातली निम्मी मेहनत तिथंच जाते.

पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) किंवा सार्वजनिक आरोग्याचा प्रबंध करणारे विद्यार्थी, तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातले लोक आणि आकडे घेऊन बातमी करणारे पत्रकार यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. लागतं काय? एक्सेल, माहिती अधिकाराचा अर्ज आणि भरपूर चिकाटी.

असा फरक मोजण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये ग्लोव्हर यांनी १९३८ साली शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनांचे जिल्हावार आकडे मांडले. शेजारच्या दोन भागांतल्या आकड्यांत कित्येक पटींचा फरक निघाला आणि तो आजारपणानं समजावता येईना. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात वेनबर्ग आणि गिटेलसन यांनी १९७३ मध्ये हेच सगळ्या वैद्यकीय सेवांसाठी केलं. वैद्यकीय सेवांमधला भागवार फरक दाखवणारा डार्टमथ अ‍ॅटलास पुढे त्यातून उभा राहिला. गुडघेबदल हे या अभ्यासाचं आवडतं उदाहरण, कारण इथे ऑपरेशन कधी करायचं याची रेघ ठरलेली नाही. फुटलेलं अपेंडिक्स थांबत नाही, झिजलेला गुडघा मात्र पाच वर्षंही थांबतो. त्या पाच वर्षांत डॉक्टरचं मत, पेशंटची भीती, मुलाची नोकरी आणि द्राक्षाचा भाव हे सगळं निर्णयात उतरतं.

आधी व्याख्या कागदावर उतरवा

गुडघा आणि खुबा एका रकान्यात घालू नका. आपल्याकडे गुडघे बदलले जातात ते मुख्यतः उतारवयातल्या झिजेमुळे, आणि त्यात बायकांची संख्या जास्त. खुब्याची गोष्ट वेगळी. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरतो, ज्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. हे तिशी-चाळिशीतल्या माणसांतही होतं. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत आणि सिकलसेल हे एव्हीएनचं एक कारण आहे. त्यामुळे एखाद्या डोंगरी तालुक्यात गुडघ्याचा दर तळाला आणि तरुणांच्या खुब्याचा दर त्या मानानं वर, असं चित्र निघू शकतं. दोन्ही एकत्र केले की ते दिसतच नाही.

खुब्यातही दोन भाग करा. पूर्ण खुबा बदलणं, म्हणजे टीएचआर, हे एक. पडून मोडलेल्या खुब्यात फक्त गोळा बसवणं, म्हणजे बायपोलर किंवा ऑस्टिन मूर, हे दुसरं. दुसरं ऑपरेशन अपघाताचं आहे, पेशंटच्या निवडीचं नव्हे. ते वेगळंच ठेवा, पुढे त्याचा मोठा उपयोग होणार आहे.

मग हे ठरवा: ऑपरेशनं मोजायची की माणसं? एकाच दिवशी दोन्ही गुडघे बदलले तर ऑपरेशनं दोन, माणूस एक. दोन्ही गुडघे एकदम करण्याची पद्धत काही सर्जनांकडे सर्रास असते, काहींकडे अजिबात नसते. ऑपरेशनं मोजली तर पहिल्या प्रकारच्या सर्जनकडे जाणाऱ्या तालुक्याचा दर नुसत्या सवयीमुळे फुगतो. आमचा सल्ला असा, की मुख्य तक्ता माणसांचा ठेवा: त्या कालावधीत किमान एक गुडघा पहिल्यांदा बदललेली व्यक्ती. सांध्यांची संख्या शेजारच्या रकान्यात द्या. आधी बसवलेला सांधा काढून नवा बसवलेली ऑपरेशनं, म्हणजे रिव्हिजन, पूर्ण वगळा.

कालावधी आर्थिक वर्षाचा घ्या, एप्रिल ते मार्च. योजनांचे दावे त्याच हिशेबात असतात, शिवाय तिमाहीवर भरवसा ठेवता येत नाही. छाटणी, कांद्याची लावणी, द्राक्षाची काढणी अशा कामांच्या दिवसांत घरातली बाई ऑपरेशनला जात नाही. थंडीत जखम बरी भरते अशी समजूत असल्यानं दिवाळीनंतर गर्दी वाढते. २०२०-२१ आणि २०२१-२२ ही वर्षं टाळा, कोविडमध्ये ठरवून करायची ऑपरेशनं थांबली होती. आणखी दोन तारखा लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएनं, म्हणजे औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमती बांधल्या. साध्या कोबाल्ट-क्रोम सेटची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली, आधी ती दीड लाखाच्या घरात जायची. आणि १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झालं. या तारखांच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षं एकत्र मिसळली तर दर बदलला तो कशामुळे, हे सांगता येणार नाही. एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ ही दोन वर्षं त्यातल्या त्यात स्वच्छ आहेत.

ऑपरेशनांची यादी कुठून मिळवायची

एकाच ठिकाणी ती नाही. स्वीडनमध्ये गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून आहे, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. म्हणून तुकडे गोळा करावे लागतात.

पहिला तुकडा सरकारी योजनेच्या दाव्यांचा. राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे प्रस्तावना लिहीत बसू नका. मजकूर साधारण असा:

‘दि. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२४ या काळात, ज्या लाभार्थ्यांचा राहण्याचा पत्ता नाशिक जिल्ह्यातील आहे (रुग्णालय कोणत्याही जिल्ह्यातील असो), त्यांच्या गुडघा व खुबा सांधेबदलाच्या मंजूर दाव्यांची यादी पुढील रकान्यांसह एक्सेल स्वरूपात मिळावी: लाभार्थ्याचे गाव व तालुका, वय, लिंग, शस्त्रक्रियेची तारीख, पॅकेज कोड, बाजू (डावी/उजवी/दोन्ही), रुग्णालयाचा जिल्हा. नाव, आधार क्रमांक व शिधापत्रिका क्रमांक नको.’

कंसातले शब्द गाळू नका. ते नसतील तर ‘नाशिक जिल्हा’ म्हणजे नाशिकमधली रुग्णालयं असं धरून यादी येते आणि ३० दिवस वाया जातात. नावं नको असं आपणहून लिहिलं, की वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करून अर्ज फेटाळणं अवघड होतं. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याची फी २० रुपये.

दुसरा तुकडा खासगी रुग्णालयांचा, रोखीनं किंवा मेडिक्लेमवर झालेल्या ऑपरेशनांचा. इथे अर्जविनंत्याच कराव्या लागतात. ओटी (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर मागा, बिलिंगची यादी नको. बिलिंगमध्ये ‘ऑर्थो पॅकेज’ एवढंच लिहिलेलं असतं, तर ओटी रजिस्टरमध्ये तारीख, वय, बाजू, ऑपरेशनचं नाव आणि बहुतेक ठिकाणी इम्प्लांटचे चिकट स्टिकर असतात. गुडघ्याच्या सेटमध्ये मांडीच्या हाडावरचा भाग, नडगीवरची प्लेट आणि दोन्हींमधलं प्लास्टिकचं इन्सर्ट असतं, कधी वाटीमागचं बटणही. प्रत्येकाचं स्टिकर वेगळं. त्यामुळे स्टिकर मोजायची तर फक्त मांडीच्या भागाची मोजा: एक स्टिकर, एक गुडघा.

पडताळणीसाठी इम्प्लांट पुरवणाऱ्यांचे आकडे उपयोगी पडतात, पण तिथं एक खड्डा आहे. प्रत्येक केसला पुरवठादार सगळ्या मापांचे भाग पाठवतो, एक माप बसतं आणि बाकीचं परत जातं. पाठवलेल्या मालाची चलनं मोजली तर आकडा कित्येक पटींनी फुगेल. वापरलेल्या भागांची बिलं मोजा.

तिसरा तुकडा नाशिककर हमखास विसरतात. नाशिकरोडच्या प्रेसचे कामगार, ओझरचं एचएएल, मनमाडचा रेल्वे वर्कशॉप, देवळालीचे माजी सैनिक, सातपूर-अंबडमधले ईएसआयसीचे (कामगार राज्य विम्याचे) सभासद. यांची ऑपरेशनं आपापल्या व्यवस्थेतून किंवा परताव्यातून होतात आणि वरच्या दोन्ही याद्यांत निसटू शकतात. निफाड, नांदगाव आणि नाशिक तालुक्यांचे दर त्यामुळे खोटे कमी दिसतात.

चौथा तुकडा जिल्ह्याबाहेर गेलेल्यांचा. येवल्याचा पेशंट शिर्डी-लोणी किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो, मालेगाव-बागलाणचा धुळ्याला, इगतपुरीचा ठाण्या-मुंबईला, सुरगाण्याचा गुजरातेत धरमपूर-वलसाडला. फक्त नाशिक शहरातली रुग्णालयं धुंडाळली तर कडेचे सगळे तालुके ‘कमी दराचे’ ठरतील आणि दिंडोरी-सिन्नर उगाच वर येतील. तुमच्या नकाशात मध्यभाग गडद आणि चहूबाजूंची कड फिकट असं गोल चित्र आलं, तर आधी हीच चूक शोधा.

पत्त्याची साफसफाई

रजिस्टरमध्ये पत्ता म्हणून बऱ्याचदा ‘मु. पो. पिंपळगाव’ एवढंच असतं. पिंपळगाव बसवंत निफाडात, पिंपळगाव बहुला नाशिक तालुक्यात, पिंपळगाव जलाल येवल्यात. नुसत्या नावावरून अंदाज बांधायचा नाही. मोबाइल नंबरवरून रुग्णालयालाच विचारून घ्यायला सांगा, नाही जमलं तर ती नोंद ‘तालुका अज्ञात’ मध्ये टाका. अज्ञात नोंदी शंभरात पाचापेक्षा जास्त झाल्या तर तालुकावार तक्ता छापू नका, साफसफाई अपुरी आहे असं समजा. पिनकोडवर विसंबू नका, एका पिनकोडची गावं दोन तालुक्यांत जातात. प्रत्येक गावाला सरकारी एलजीडी कोड (सरकारी यादीतला गावाचा ठरलेला क्रमांक) लावून घेतला की पुढचं जोडकाम बिनचूक होतं.

याहून अवघड प्रकार म्हणजे मुलाकडे आलेली आई. आयुष्य पेठ तालुक्यात गेलं, गुडघे तिथल्या चढणीवर झिजले. मुलगा सिडकोत, ऑपरेशन नाशिकला आणि रजिस्टरवर पत्ता मुलाचा. रेशनकार्ड मात्र गावचं. म्हणजे हीच आजी योजनेच्या यादीत पेठची आणि रोखीच्या यादीत नाशिकची. नियम एकच करा आणि सगळीकडे तोच लावा: ऑपरेशनच्या आधीचे १२ महिने जिथे राहणं होतं तो तालुका. जिथे हे कळणार नाही तिथे रेशनकार्डाचा पत्ता धरा आणि किती नोंदींत असं करावं लागलं ते तक्त्याखाली लिहा.

भागायचं कशानं

खाली ४५ वर्षांवरची लोकसंख्या घ्या. एकूण लोकसंख्येनं भागलं तर लहान मुलं जास्त असलेला तालुका आपोआप खाली जातो.

अडचण अशी, की २०११ च्या जनगणनेनंतर नवी जनगणना झालेली नाही. तेव्हा जिल्हा ६१,०७,१८७ लोकांचा होता. गावपातळीच्या मूळ तक्त्यात ० ते ६ वयोगट सोडला तर वय नसतं. त्यामुळे तालुक्याचे वयोगट दुसरीकडून आणावे लागतात. आशा कार्यकर्त्यांनी तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांसाठी भरलेला सीबॅक फॉर्म हा पहिला स्रोत. ग्रामीण तालुक्यांत तो चांगला चालतो, शहरात विरळ आहे. दुसरा स्रोत मतदार यादी. तीत वय आणि लिंग दोन्ही असतं. यादीच्या पानावर साधारण ३० नावं असतात, दर दहावा यादी भाग घेऊन मोजला तरी वयोगटांचं प्रमाण हाती येतं. ‘वगळलेले’ शिक्का असलेली नावं सोडा. मयतांची नावं वर्षानुवर्षं राहतात हे लक्षात घ्या, त्यानं ६५ च्या वरचा गट फुगतो आणि दर खाली येतो. आणखी एक गंमत: जिल्ह्यात तालुके १५ आणि विधानसभा मतदारसंघही १५, पण हद्दी जुळत नाहीत. मतदारसंघाला तालुका समजून चालणारे भले भले यात फसतात.

वयोगट पाडताना ६० आणि ७० या आकड्यांवर कात्री चालवू नका. गावाकडे वय विचारलं की ‘साठ असंल’ असं गोल उत्तर येतं, आणि त्या एका वर्षावर नोंदींचा ढीग पडतो. ढीग गटाच्या कडेला आला तर इकडचे तिकडे होतात. ४५–५४, ५५–६४, ६५ आणि वर असे गट पाडले की ५०, ६० आणि ७० चे ढीग गटाच्या पोटात राहतात.

वयाचा हिशेब: एक गणित

पुढचे आकडे फक्त गणित समजावं म्हणून घेतलेले आहेत, कुठल्या तालुक्याचे नाहीत. क हा कारखानदारीचा, तरुण वस्तीचा तालुका. ख मधली तरुण मुलं बाहेर गेलेली, मागे म्हातारे जास्त.

| वयोगट | क लोकसंख्या | क ऑपरेशन झालेले | ख लोकसंख्या | ख ऑपरेशन झालेले |
|---|---|---|---|---|
| ४५–५४ | ५०,००० | १० | २५,००० | ५ |
| ५५–६४ | २५,००० | ३० | १८,००० | १८ |
| ६५ आणि वर | १५,००० | २४ | १७,००० | २४ |
| एकूण | ९०,००० | ६४ | ६०,००० | ४७ |

सरळ भागाकार केला तर क चा दर लाखाला ७१.१ आणि ख चा ७८.३. म्हणजे ख पुढे. आता प्रत्येक वयोगटाचा वेगळा दर काढा. क: २०, १२०, १६०. ख: २०, १००, १४१.२. एकाही गटात ख पुढे नाही! ख मध्ये वयस्कर जास्त आहेत, एवढ्यामुळेच त्याचा ढोबळ दर वर गेला.

हे दुरुस्त करायला दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळवून एक प्रमाण लोकसंख्या करा: ७५,०००, ४३,००० आणि ३२,०००, एकूण १,५०,०००. तिच्यावर क चे दर लावले तर अपेक्षित ऑपरेशनं १५ + ५१.६ + ५१.२ = ११७.८, म्हणजे लाखाला ७८.५. ख चे दर लावले तर १५ + ४३ + ४५.२ = १०३.२, म्हणजे लाखाला ६८.८. क्रम उलटला. प्रत्यक्ष कामात १५ तालुक्यांची बेरीज हीच प्रमाण लोकसंख्या घ्या, आणि स्त्री-पुरुषांचं गणित वेगवेगळं करा.

बातमीचा मथळा लिहायची घाई इथेच होते: ‘क मध्ये १४ टक्के जास्त ऑपरेशनं’. थांबा. दोन्ही संख्यांचे व्यस्त, म्हणजे १/६४ आणि १/४७, मिळवा, वर्गमूळ काढा आणि १.९६ नं गुणा: ०.३७७ येतं. ई चा तेवढा घात (एक्सेलमध्ये EXP) १.४६. आता दरांचं गुणोत्तर १.१४ घ्या, त्याला १.४६ नं भागा आणि १.४६ नंच गुणा. उत्तर ०.७८ ते १.६६. या पट्ट्यात १ आहे, म्हणजे दोन्ही तालुके सारखे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हाच वेग धरून तीन वर्षांचे आकडे घेतले, १९२ आणि १४१, तरी पट्टा ०.९२ ते १.४२. फरक अजून सिद्ध नाही.

लहान तालुक्यात तर हे फारच छळतं. वर्षाला ९ ऑपरेशनं असतील तर योगायोगाची मर्यादा ४ ते १७ इतकी रुंद. एखाद्या ट्रस्टनं तिथं एक शिबिर घेतलं आणि बस भरून पेशंट नेले, की त्या वर्षी तालुका अव्वल. म्हणून सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या तालुक्याचं गुणोत्तर काढून ‘नऊपट फरक’ म्हणणं आम्हाला पटत नाही. ते आकडे बहुधा लहान तालुक्यांचेच असतात आणि पुढच्या वर्षी टिकत नाहीत. पेठ-सुरगाणा-त्र्यंबकेश्वर असा गट करून मोजलं तर बरं.

कमी दर म्हणजे काय, हे कसं ओळखायचं

युरोपात-अमेरिकेत मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन ही मोजपट्टी मानतात, कारण खुबा मोडला की माणूस दवाखान्यात जातोच आणि त्यामुळे त्याचा दर भागाभागात फार बदलत नाही. आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होत नाही. खुबा मोडलेले म्हातारे खाटेवर ठेवले जातात, वजन लावून किंवा झाडपाल्याचा लेप लावून. पण म्हणूनच बाजूला ठेवलेला तो बायपोलरचा रकाना इथे कामाला येतो. एखाद्या तालुक्यात गुडघ्याचा आणि मोडलेल्या खुब्याचा असे दोन्ही दर खाली असतील, तर लोक दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत: गाडी, पैसा, सोबतीला माणूस, काहीतरी अडलं आहे. खुब्याचा दर ठीक आणि फक्त गुडघ्याचा खाली असेल, तर वाट मोकळी आहे, पण गुडघ्यासाठी कोणी ती धरत नाही. मग स्थानिक डॉक्टर पुढे पाठवतात का, लोकांना ऑपरेशन हवंच आहे का, ही चौकशी करायची.

गरज मोजायला घरोघर जावं लागतं, आणि त्या पाहणीतून ऑपरेशनांचा दर काढायचा मोह टाळा. लाखाला ८० दर धरला तर ४५ वर्षांवरच्या ३,००० लोकांत वर्षाला अडीचसुद्धा ऑपरेशनं सापडणार नाहीत. दुखणं मात्र भरपूर सापडतं. ऑक्सफर्ड नी स्कोअरचे १२ प्रश्न वापरा, गुण ० ते ४८, ४८ म्हणजे उत्तम. त्यांच्या जोडीला आपल्या राहणीचे प्रश्न वेगळे विचारा, मूळ गुणांत मिसळू नका:

‘आजी, मांडी घालून जेवायला बसता येतं का?’
‘निंदायला उकिडवं बसून पुढे सरकता येतं का, की आता वाफा सोडला?’
‘संडासला बसून उठताना भिंत धरावी लागते का?’

ऑपरेशन झालंय का, हे विचारताना काळजी घ्या. ‘वाटी बदलली’ असं सांगणाऱ्यांपैकी काहींची दुर्बिणीतून सफाई झालेली असते, काहींना नुसतं इंजेक्शन दिलेलं असतं, काहींच्या मोडलेल्या हाडात रॉड असतो. गुडघ्यावर पुढच्या बाजूनं उभा, वीतभर व्रण असेल आणि डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं स्टिकर असेल, तरच होय लिहा. एक्स-रे काढायचा तर उभं राहूनच. झोपवून काढलेल्या एक्स-रेत वजन पडत नाही, सांध्यातली फट खरी आहे त्याहून मोठी दिसते आणि झीज एक पायरी कमी लागते. झिजेच्या पायऱ्या केलग्रेन-लॉरेन्स पद्धतीनं ० ते ४ लिहा.

शेवटी एक प्रश्न विचाराच: ‘डॉक्टरांनी सांगितलं आणि पैशांची सोय झाली, तर ऑपरेशन कराल का?’ कॅनडातल्या ऑन्टॅरिओत जास्त दराचा आणि कमी दराचा असे दोन भाग निवडून हे विचारलं होतं. तीव्र त्रास असलेल्यांतही ‘नक्की करीन’ म्हणणारे १५ टक्क्यांच्या वर गेले नाहीत. म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्यांची संख्या हीच ऑपरेशनांची गरज धरली, तर तुटवडा अवाच्या सवा दिसेल. गरज म्हणजे कमी गुण, झिजेची वरची पायरी आणि ऑपरेशनची तयारी, तिन्ही असलेली माणसं. त्यांच्याशी ऑपरेशनांची संख्या ताडून पाहा.

जास्त दर वाचताना

जास्त दर पाहून ‘कट प्रॅक्टिस’ (पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरला कमिशन) म्हणायची घाई नको, पण शंका घ्यायला चार जागा आहेत. ऑपरेशनच्या वेळचं वय: ५५ च्या आतल्यांचं प्रमाण शेजारच्या तालुक्यांपेक्षा ठळक जास्त आहे का? ऑपरेशनआधीचा एक्स-रे: पायरी २ वर किती जण गेले? आधीचे उपचार: फिजिओथेरपीच्या व्यायामाचे निदान सहा ते बारा आठवडे आणि वजन कमी करण्याचा प्रयत्न केसपेपरवर दिसतो का, की पहिल्या भेटीतच तारीख दिली? आणि पैसे कोणी भरले: फक्त मेडिक्लेम आणि योजनेतलेच दर चढलेत, रोखीचे तिथेच आहेत का? चारही ठिकाणी उत्तर संशयास्पद आलं तर बोलायला जागा आहे. एकाच ठिकाणी आलं तर त्या रुग्णालयातल्या सर्जनशी बोला. बऱ्याचदा साधं कारण निघतं, उदाहरणार्थ आमवाताचे, म्हणजे रूमॅटॉइडचे, कमी वयातले पेशंट त्यांच्याकडे पाठवले जातात.

परदेशाशी तुलना करू नका. स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया गुडघेबदलाच्या दरात वर आणि मेक्सिको तळाला, एवढं ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या) तक्त्यात दिसतं. पण त्यातून सुरगाण्याला किती हवेत हे निघत नाही. योग्य दर नावाचा आकडा कुणाकडेच नाही. ज्या तालुक्यात पेशंटला पर्याय नीट समजावून सांगितले जातात आणि पैशांची अडचण कमी आहे, तिथला दर त्यातल्या त्यात धरायचा.

तक्ता छापण्याआधी: रुग्णालयांच्या नोंदी वापरल्या असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्यावी लागते, काम झाल्यावर नव्हे. ५ पेक्षा कमी आकडा असलेला रकाना झाकायचा. ‘पेठ, पुरुष, ४५–५४, खुबा: १’ असं छापलं की तो माणूस कोण, हे गावात सगळ्यांना कळतं. आणि एक रकाना झाकून एकूण बेरीज तशीच ठेवली तर वजाबाकीनं तो उघडा पडतो, म्हणून त्याच ओळीतला आणखी एक झाका. नकाशात रंग प्रमाणित दराचे द्या, ढोबळ दराचे नको, आणि ज्या तालुक्यांच्या पट्ट्याच्या आत जिल्ह्याची सरासरी येते त्यांना एकच राखाडी रंग द्या. नाशिकच्या नकाशात बहुतेक तालुके राखाडी निघाले तर तो नकाशा बरोबर आहे, तसाच छापा.